जुन्या वूफरच्या कडेचा फोम गळून पडलाय. घरी दुरुस्त होईल का, की ड्रायव्हरच (म्हणजे बॉक्समधला आख्खा स्पीकर) बदलू?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की वूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा ड्रायव्हर) आठ इंची आहे, कडेचा फोम बोट लावताच चिकट भुगा होऊन पडतो आणि आवाज वाढवला की खरखर येते. फोम गेलाय यात शंका नाही आणि तो घरी बदलता येतो. पण खरखर फक्त फोममुळे आहे की आत व्हॉइस कॉइलही (मॅग्नेटमध्ये हलणारं तारेचं वेटोळं) घासतेय, हे फोमची नवी रिंग मागवण्याआधी बघून घ्या. फोम बदलणं हे निवांतपणे करण्याचं हातकाम आहे. कॉइल किंवा मॅग्नेट बिघडलेलं असेल तर तो वेगळाच मामला.

ड्रायव्हर बॉक्समधून काढण्याआधी कुठली वायर कुठल्या टर्मिनलला आहे त्याचा फोटो काढा. स्क्रू सोडवताना एक हात कोनवर (पुढच्या शंकूसारख्या पडद्यावर) आडवा धरा. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हरला असं काही खेचतं की हात जरा निसटला तरी टोक कागदातून आरपार जातं. चांगले ड्रायव्हर वापरण्यापेक्षा काढताना जास्त फाटतात, असं माझं मत झालंय.

मग मल्टिमीटर लावा. ८ ओहम लिहिलेल्या ड्रायव्हरवर साधारण ५.५ ते ७ दिसलं तर कॉइल शाबूत आहे. ४ ओहमच्या ड्रायव्हरवर ३ ते ३.५ च्या आसपास दिसेल. छापलेला आकडा एसी सिग्नलसाठीच्या इम्पीडन्सचा (एकूण विरोधाचा) असतो आणि मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, म्हणून तो कमीच दाखवणार. मीटरने काहीच दाखवलं नाही तरी लगेच कॉइल जळाली असं समजू नका. टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी ती विणलेली लवचिक तार बघा. कोन हळूच आत-बाहेर करताना आकडा येत-जात असेल तर तीच तुटलीय. तिथे साधी वायर जोडू नका, सतत हलून ती लवकर तुटते. तशीच विणलेली तार घ्या आणि सोल्डर अगदी थोडं लावा. जास्त लावलं की ते तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि पुढे तार तिथेच मोडते.

आता घासण्याचं. ड्रायव्हर तोंड वर करून ठेवा, दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती (कोनच्या मधोमध असलेली गोल टोपी) सारख्या अंतरावर टेका आणि कोन सरळ खाली दाबा. कान जवळ न्या. वाळू कागदावर घासल्यासारखा आवाज आला तर बोटांचा दाब थोडा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला देऊन बघा. एखाद्या जागी आवाज पूर्ण थांबत असेल तर फोम नसल्यामुळे कोन कलतोय, एवढंच. नवी रिंग नीट बसली की तो जाईल. कसाही दाबला तरी घासतच असेल, तर कॉइल वेडीवाकडी झालीय, गॅपमध्ये (कॉइल हलते त्या मॅग्नेटच्या फटीत) गंज किंवा कचरा आहे, नाहीतर ड्रायव्हर कधीतरी पडून मॅग्नेट सरकलंय. कचरा डस्ट कॅप काढून, ताठ कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून, गॅपमधून हळूहळू फिरवत काढता येतो. बाकी दोन्ही गोष्टी मी घरी करायला सांगणार नाही.

मॅग्नेट तर कुठल्याही कारणाने खोलू नका. अल्निको या मिश्रधातूचं असेल तर लोखंडी भागांपासून सुटं करताच त्याची ताकद घटते आणि ते पुन्हा मॅग्नेटाइझ करावं लागतं. फेराइट या सिरॅमिकच्या मॅग्नेटची ताकद तशी जात नाही, पण गॅप मिलिमीटरच्या अंशात असतो आणि तो पुन्हा तसाच जुळवणं हाताने होत नाही. (हे वाचणाऱ्या कुणाकडे व्हॉल्व्ह रेडिओतला फील्ड कॉइलवाला स्पीकर असेल तर जास्तच सांभाळा. त्यात कायमचं मॅग्नेट नसतं, तारेच्या वेटोळ्याला सेटमधूनच मोठं व्होल्टेज मिळतं. सेट बंद केल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.)

फोम का सडतो? तो पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचे रासायनिक बंध तुटत जातात. त्यामुळे कपाटात जपून ठेवलेला स्पीकरही सुटत नाही. पण प्रत्येक जुना सराउंड (कोनभोवतीची लवचिक कड) फोमचा नसतो. कोटिंग लावलेलं कापड, रबर किंवा कोनच्याच कागदाच्या घड्याही असतात. कापडी सराउंडला हात लावला की चिकट लागतं, ते मुद्दाम लावलेलं कोटिंग असतं. खराब झालाय समजून लोक तो धडधाकट सराउंड फाडून काढतात.

नवी रिंग ‘आठ इंची’ एवढं सांगून घेऊ नका. कोनचा बाहेरचा व्यास, फोमच्या गोल घडीची रुंदी, फ्रेमवर चिकटणाऱ्या पट्टीचा व्यास आणि आतली पट्टी सपाट आहे की कोनच्या उताराप्रमाणे तिरकी, इतकं मोजा. जुनी रिंग कोनच्या पुढून चिकटवली होती की मागून, तेही बघा. रबराची रिंग जास्त टिकते, पण बहुतेकदा जड आणि ताठ असते. त्याने ड्रायव्हरचा रेझोनन्स (ज्या सुरावर तो आपसूक थरथरतो) बदलतो आणि बॉक्सशी त्याचं जमत नाही. मूळ फोम असेल तर मी फोमच लावतो, आणि जोडीतल्या दोन्ही ड्रायव्हरना एकदमच.

जुना गोंद फ्रेमवरून खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कागदी कोनवर कापसाच्या काडीने, थोडं थोडं. इथे घाई केली की कागदाचे पापुद्रे निघतात. गोंद पांढरा, सावकाश वाळणारा घ्या. पॉलिप्रॉपिलीनच्या प्लास्टिक कोनला मात्र तो धरत नाही, त्यासाठी वेगळा गोंद लागतो. झटपट चिकटणारा गोंद जागा सुधारायला वेळच देत नाही. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉनही नको, त्यातून निघणाऱ्या आम्लाने धातू गंजतो.

आधी रिंग फक्त कोनला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. बाहेरची कड फ्रेमला लावताना खरी कसोटी असते. खालचा स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी घड्यांची चकती) ठीक असेल तर कॉइल बरीचशी मध्यावर असतेच, रिंगने ती कलती होऊ नये एवढं पाहायचं. खात्रीचा मार्ग म्हणजे डस्ट कॅप ब्लेडने कडेने कापून काढायची, कॉइल आणि मधल्या लोखंडी खांबाच्या फटीत पातळ फिल्मच्या तीन-चार सारख्या पट्ट्या सरकवायच्या आणि गोंद वाळेपर्यंत तशाच ठेवायच्या. नंतर कॅप पुन्हा चिकटवायची. दुसऱ्या मार्गात कॅप तशीच राहते. ॲम्प्लिफायरवरून २० ते ३० हर्ट्झचा टोन अगदी कमी आवाजात सोडायचा. कोन थरथरत पुढे-मागे होतो. गोंद ओला असताना रिंग केसभर इकडेतिकडे सरकवत, घासणं थांबेल तिथे थांबायचं. मग कडेला कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर पट्ट्यांचा मार्ग घ्या. कॅप कापायला जीव धजत नाही, पण पट्ट्या असल्या की अंदाजावर काही सोडावं लागत नाही.

एक दिवस वाळू द्या आणि तोच टोन हळूहळू वर नेत ऐका. कोनला बारीक चीर असेल तर मागून पातळ टिश्यू पेपरचा तुकडा पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाने लावा. तुकडा कात्रीने कापू नका, हाताने फाडा, म्हणजे कडा कागदात मिसळून जातात.

पोलॅरिटी (प्लस-मायनस बरोबर आहे का) तपासायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस ड्रायव्हरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये मात्र लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जातो. तो बिघाड नाही, त्यांची पद्धतच तशी होती. दोन्ही ड्रायव्हर एकाच दिशेने हलले म्हणजे झालं.