उसाच्या ट्रॉलीचं हुकाजवळचं वेल्डिंग सारखं तुटतंय, मजबूत कसं करायचं?

वरून अजून एक थर मारून ते टिकणार नाही, जुनं वेल्डिंग ग्राइंडरने मुळापासून काढा, दोन्ही कडांना तिरकस घासून व्ही करा आणि ७०१८ रॉडने खालून वर भरत या. मी चिंचोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनच करतो, गळीत हंगामात अशा ट्रॉल्या येतच असतात आणि फोडून बघितलं की बहुतेकवेळा वरून फुगीर मणी असतो पण आत लोखंड एकमेकांत वितळलेलंच नसतं, मधे काळा स्लॅग (रॉडवरच्या लेपाची जळून झालेली खपली) अडकलेला. ६०१३ रॉड गेट-ग्रिलला ठीक आहे हो, पण लोडेड ट्रॉलीचे झटके खायला ७०१८ च पाहिजे, त्यात हायड्रोजन कमी जातो म्हणून नंतर तडा जायची शक्यता बरीच कमी होते. फक्त तो रॉड ओल धरतो, उघडं पाकीट पडलेलं असेल तर ओव्हनमधे ३०० ते ३५० डिग्रीला तासभर तरी भाजून घ्या, नाहीतर महागाचा रॉड वापरून उपयोग शून्य.

- रंग, ग्रीस, गंज सगळं घासून चकाचक
- शक्यतो डीसी मशीन, रॉड पॉझिटिव्हला
- प्रत्येक रनचा (थराचा) स्लॅग ठोकून वायर ब्रश मारायचाच
- गरम जॉइंटवर पाणी ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी

पण तडा वेल्डिंगमधे नसून शेजारच्या चॅनेलमधे गेला असेल तर आधी तड्याच्या टोकाला ड्रिलने भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि भरून झाल्यावर वरून पट्टी लावा.