वाचकांचे प्रश्न : ट्रॅपमधल्या आयनाला पाणी कुठून मिळते?

प्रश्न : बेन्झॉइल गट असलेल्या एका अमाइडचे आयन ट्रॅपमध्ये, म्हणजे आयन अडकवून त्यांची वस्तुमाने मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, विघटन केले. १०५ आणि ७७ या वस्तुमानांची शिखरे अपेक्षित होती, पण ९५ लाही ठळक शिखर आहे. रेणूच्या रचनेतून असा तुकडा निघायला वाव नाही. नमुना अशुद्ध समजायचा का?

उत्तर : नमुन्यावर संशय घेण्याआधी ९५ मधून ७७ वजा करा. उरतात १८, म्हणजे पाणी. १०५ चा बेन्झॉइल आयन कार्बन मोनॉक्साइड गमावून ७७ चा फिनाइल धनायन होतो. हा धनायन कमालीचा क्रियाशील असतो. ट्रॅपमधल्या हेलियमसोबत थोडा ओलावा असतोच. त्यातला पाण्याचा रेणू फिनाइलला चिकटतो आणि प्रोटॉन लागलेले फिनॉल तयार होते. तेच तुमचे ९५. हे शिखर विघटनातून आलेले नाही, विघटनानंतर ट्रॅपमध्ये घडलेल्या अभिक्रियेतून आले आहे.

एवढ्याशा ओलाव्याने एवढे मोठे शिखर येईल यावर सहसा विश्वास बसत नाही, म्हणून हिशेबच मांडू. ट्रॅपमध्ये पाण्याच्या वाफेचा दाब एक दशलक्षांश टॉर धरा. खोलीच्या तापमानाला हे घनसेंटीमीटरमागे सुमारे ३२ अब्ज रेणू झाले. जवळपास प्रत्येक टक्कर यशस्वी होत असेल, तर दरस्थिरांक, म्हणजे अभिक्रियेचा वेग सांगणारा आकडा, एक अब्जांश घनसेंटीमीटर प्रति सेकंद या घरात असतो. दोन्हींचा गुणाकार सेकंदाला ३२, म्हणजे निम्मे आयन २२ मिलिसेकंदांत संपतात. ट्रॅपमध्ये नुसत्या सक्रियणालाच, म्हणजे आयन फोडण्यासाठी ऊर्जा देण्याला, साधारण ३० मिलिसेकंद दिलेले असतात! ट्रिपल क्वाड्रुपोल या दुसऱ्या प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये आयन वायूवर आदळून फोडले जातात त्या कप्प्यात, म्हणजे कोलिजन सेलमध्ये, आयन त्या मानाने फार थोडा वेळ राहतो, म्हणून तिथे ९५ खूपच लहान दिसते. एकाच संयुगाचे दोन यंत्रांवरचे स्पेक्ट्रम जुळत नाहीत, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

खात्री करणे अवघड नाही. विघटनाच्या तिसऱ्या टप्प्यात फक्त ७७ वेगळे काढा, कोलिजन एनर्जी (टक्करीसाठी दिलेली ऊर्जा) शून्यावर ठेवा आणि थांबण्याचा वेळ १०, ३०, १००, ३०० मिलिसेकंद असा वाढवत न्या. ऊर्जा न देताही ७७ घटून ९५ वाढत असेल, तर प्रश्न मिटला. उरलेल्या ७७ च्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी. रेषा पुढे आडवी होऊ लागली, तर ७७ मध्ये पाण्याशी न जुळणारा दुसराही आयन मिसळलेला असू शकतो, आणि त्याचा शोध घेण्यासारखा आहे. ट्रॅपमध्ये थोडी जड पाण्याची वाफ सोडण्याची सोय असेल तर ९५ चे ९७ व्हायला हवे.

एक फसगत मात्र ध्यानात ठेवा. फिनाइल धनायन नायट्रोजनलाही पकडतो आणि फिनाइलडायझोनियम होतो. त्याचेही वस्तुमान १०५! बेन्झॉइल १०५.०३३५ ला येतो, डायझोनियम १०५.०४४७ ला. फरक ०.०११२ चा, म्हणजे निदान दहा हजार रिझोल्यूशन (जवळची शिखरे वेगळी दाखवण्याची क्षमता) हवेच. वीस हजारांच्या वर असेल तर निर्धास्त वाचता येते. साध्या ट्रॅपवर ही दोन शिखरे एकच दिसतात. तिथे ७७ वेगळे काढून ठेवल्यावर १०५ पुन्हा उगवते का ते पाहा. तुकड्यातून मूळ आयन परत येत नाही, त्यामुळे उगवले तर तो डायझोनियम.

ओलावा कमी करायचा तर हेलियमच्या वाटेवर मॉइश्चर ट्रॅप बसवा आणि प्लास्टिकची नळी काढून धातूची लावा. प्लास्टिकमधून बाष्प झिरपत राहते. यंत्र उघडले असेल तर रात्रभर पंप चालू ठेवल्याशिवाय असे मोजमाप करू नका.

प्रश्न : इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (द्रावण विद्युतदाबाखाली फवारून आयन बनवण्याच्या पद्धतीत) प्रोटॉन लागलेल्या रेणूचे शिखर बारीक आणि त्यापुढे २२ व ३८ वर मोठी शिखरे येतात. काय करावे?

उत्तर : अचूक फरक २१.९८ आणि ३७.९६ असेल, तर ते प्रोटॉनऐवजी रेणूला चिकटलेले सोडियम आणि पोटॅशियम. ते बहुधा काचेतून, बफरमधून किंवा सॉल्व्हंटच्या बाटलीतून येतात. नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या कुपीत ठेवा, मिथेनॉल-पाणी निम्मे-निम्मे घ्या, ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल घाला आणि संहती एक मायक्रोमोलरच्या आसपास आणा. फॉस्फेट बफर वापरूच नका; त्याऐवजी अमोनियम अॅसिटेट घ्या. प्लास्टिकमुळे ३९१.२८ ला थॅलेटचे शिखर येऊ शकते, म्हणून नुसत्या सॉल्व्हंटचा ब्लँक, म्हणजे नमुन्याविना स्पेक्ट्रम, आधी घ्या.

शर्करेसारख्या रेणूंत प्रोटॉन धरून ठेवणारी जागाच नसते. तिथे आम्ल वाढवून उपयोग नाही. ५ मिलिमोलर अमोनियम अॅसिटेट घालून रेणूच्या वस्तुमानापुढे १८.०३ वर येणारा अमोनियम जोड निवडा. विघटनासाठी सोडियमचा जोड निवडलात तर अनेकदा फक्त २३ चा सोडियम आयन सुटतो, तोही ट्रॅपला दिसत नाही, आणि स्पेक्ट्रम रिकामाच राहतो.

प्रश्न : ४४-४४ च्या अंतराने शिखरांची रांग येते.

उत्तर : अंतर ४४.०२६ असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल. बहुतेक वेळा डिटर्जंटमधून येते. भांडी डिटर्जंटने धुणे थांबवा आणि नळ्यांतून मिथेनॉल बराच वेळ वाहू द्या.

प्रश्न : पाण्यात डायमिथाइलअमाइन हे ट्रायमिथाइलअमाइनपेक्षा बलवान बेस, वायुअवस्थेत मात्र उलटे. हा क्रम नेहमीच्या यंत्रावर मोजता येईल का?

उत्तर : येईल. वायुअवस्थेत प्रोटॉन अफिनिटी (प्रोटॉन धरताना बाहेर पडणारी ऊर्जा) अमोनियाची ८५४, मिथाइलअमाइनची ८९९, डायमिथाइलची ९३० आणि ट्रायमिथाइलची ९४९ किलोज्यूल प्रति मोल. प्रत्येक मिथाइल गट धनभार सावरतो. पाण्यात ट्रायमिथाइल मागे पडते, कारण त्याच्या आयनाकडे पाण्याशी बंध करायला एकच हायड्रोजन उरतो.

मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम कुक्स यांची कायनेटिक पद्धत वापरा. तुमचा बेस आणि ज्याची अफिनिटी माहीत आहे असा बेस समान प्रमाणात मिसळा. स्रोतातली व्होल्टेज कमी ठेवा, नाहीतर प्रोटॉनने जोडलेली जोडी ट्रॅपपर्यंत पोहोचतच नाही. जोडी वेगळी काढून फोडा आणि दोन प्रोटॉनयुक्त बेसांच्या शिखरांचे गुणोत्तर घ्या. असे चार-पाच संदर्भ बेस वापरून गुणोत्तराचा लॉगॅरिदम अफिनिटीसमोर मांडा. रेषा शून्याला जिथे छेदते ती तुमची किंमत. फुटणाऱ्या जोडीचे प्रभावी तापमान ५०० केल्विन धरले तर २० किलोज्यूलच्या फरकाला गुणोत्तर १२० च्या वर जाते आणि लहान शिखर गोंगाटात हरवते, म्हणून जवळचेच संदर्भ निवडा.

डायअमाइनसारख्या, प्रोटॉन दोन्ही टोकांनी धरणाऱ्या रेणूंना ही साधी मांडणी लागू पडत नाही. एन्ट्रॉपीचा फरक मध्ये येतो. कोलिजन एनर्जी बदलल्यावर छेदबिंदू सरकला तर तीच खूण समजा. ट्रॅपची खालची मर्यादाही तपासा : नेहमीच्या सेटिंगला मूळ आयनाच्या साधारण २७ टक्क्यांखालचे वस्तुमान दिसत नाही, आणि जोडीतला हलका बेस तिथे अडकला तर गुणोत्तर चुकीचेच निघेल.