सहा यंत्रं आत, बाहेर किती?

प्रश्न : ताई, नमस्कार. सिंहगड रस्त्याला नदीच्या बाजूच्या गल्लीत आमचं बैठं घर आहे. मागे १४ बाय २० फुटांची शेड. पुढची १४ फुटांची बाजू सगळी उघडते, दोन शटरं आहेत आणि मधला खांब सुटा आहे. भोसरीतल्या नोकरीतून निवृत्त झालो आणि छोट्या ट्रॅक्टरांचं वेड लागलं. आज सहा यंत्रं आहेत : महिंद्राचा युवराज २१५, त्याच अंगाचा आणखी एक जुना ट्रॅक्टर, दोन पॉवर टिलर (मागून हँडल धरून चालवायची, जमीन नांगरायची यंत्रं), आणि एका क्लबच्या लिलावात घेतलेली, वर बसून चालवायची गवत कापायची दोन पेट्रोल यंत्रं. चार चालू आहेत, दोन 'होतील'. मागचा टिलर काढायचा तर आधी चार यंत्रं अंगणात आणावी लागतात, म्हणून तो गेल्या दिवाळीपासून निघालेलाच नाही. मुलगा म्हणतो, लोखंडी माळा करून दोन वर चढवू. सौ. म्हणते, तीन विका. मापं सोबत पाठवली आहेत. काय करावं?

उत्तर : सौंच्या सूचनेत मी पडत नाही. मांजरीला आमचं टिलर-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. यजमान पान्यावर, मी स्टोअरवर. पावसाळ्याच्या तोंडाला गिऱ्हाइकं दुरुस्तीला म्हणून यंत्र आणून टाकायची आणि दसऱ्यापर्यंत तोंड दाखवायची नाहीत. म्हणजे जागा आमची, यंत्रं लोकांची. तेव्हा तुमचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे.

तुमच्या मापांची मी बेरीज केली. ट्रॅक्टर रोटाव्हेटरसकट (मागे जोडायचं, माती भुसभुशीत करायचं अवजार) १० बाय साडेतीन, टिलर ९ बाय ३, गवताची यंत्रं ६ बाय ४. सहांचे मिळून १७२ चौरस फूट होतात. शेड २८० ची. म्हणजे १०८ चौरस फूट शिल्लक असूनही तुम्हाला टिलर काढता येत नाही. जागा कमी नाही हो, वाट नाही. आमच्याकडे यजमानांचा एकच नियम होता : कुठलंही यंत्र काढताना फार तर एक दुसरं हलवायचं. दोन हलवावी लागली तर मांडणी चुकली. या नियमात तुमची सहाही बसतात, मी बसवून पाहिली.

कशी पाहिली तेही सांगते, तुम्हीही करा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर १४ बाय २० इंचांची चौकट आखली, फुटाला एक इंच. घरातल्या लग्नपत्रिका कापून सहा तुकडे केले. पत्रिकेचा पुठ्ठा जाड असतो, सरकवायला बरा. जेवणाच्या टेबलावर अर्धा तास खेळ केला. खरी यंत्रं ढकलून हा प्रयोग केला असता तर कंबर गेली असती.

आता मांडणी. डाव्या भिंतीपासून एक फूट सोडून दोन ट्रॅक्टर एकामागे एक, दोघांचीही तोंडं शटरकडे. मागच्याचा रोटाव्हेटर काढून ठेवा, तो ८ फुटांवर येतो. पुढच्याचा लागलेलाच राहू दे, लांबी १० फूट. मागे एक फूट, मधे अर्धा, पुढे अर्धा, झाले २०. उजव्या भिंतीलाही तसंच एक फूट सोडून गवताची दोन यंत्रं. त्यांच्या पोटाखालचा पात्यांचा डेक काढलात की रुंदी साडेतीनवर येते. ती शटरच्या बाजूला घ्या, म्हणजे त्यांच्यामागे सहा फुटांचा कोपरा उरतो. काढलेला रोटाव्हेटर, दोन्ही डेक, जुनी चाकं, जे वर्षातून एकदा लागतं ते सगळं तिथे. मधे पाच फुटांची गल्ली राहते, तिच्यात टिलर. न चालणारा टिलर हँडल काढून मागे. हँडल गेलं की तो जेमतेम ५ फूट. त्याच्यापुढे चालता टिलर हँडलसकट. त्याच्या पुढ्यात चार-पाच फूट मोकळे. तिथे खुर्ची टाकायचा मोह होईल, टाकू नका.

हँडल काढणं म्हणजे नुसते बोल्ट नव्हेत, क्लचची केबल आणि ब्रेकचे रॉडही सोडवावे लागतात. सोडवण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा आणि बोल्ट त्याच्याच भोकात परत फिरवून ठेवा. बरणीतले बोल्ट सहा महिन्यांनी कुठलेही वाटतात. हँडल काढलेला टिलर हाताने ढकलता येत नाही, म्हणून अँगलची बुटकी ट्रॉली करून घ्या, खाली सहा इंची चार चाकं, त्यातली दोन वळणारी. स्वस्तातली प्लॅस्टिकची चाकं नकोत, चारपाचशे किलोंखाली आठवड्यात चपटी होतात.

माळ्याबद्दल मुलाला माझ्याकडून स्पष्ट नाही सांगा. युवराजचं वजन ७८० किलो. आपल्याकडे घराचा स्लॅबसुद्धा चौरस मीटरला २०० किलोंच्या वापरभाराला धरून काढतात. इथे तर सगळा भार चार टायरांच्या तळहाताएवढ्या ठिपक्यांवर. गवताची यंत्रं हलकी असली तरी ती वर न्यायची कशी? उतार करायचा तर त्याची लांबीच निम्मी शेड खाईल, आणि चेन पुलीने उचलायची तर खाली कोणीतरी उभं राहणारच. माळा कराच, पण फिल्टर, पट्टे, सीट, बॉनेट असल्या मालासाठी. भवानी पेठेत अँगल वजनावर मिळतो, गल्लीतला फॅब्रिकेटर दोन दिवसांत उभा करून देईल.

भिंतीपासून एक फूट का सोडायचा? पावसाळ्यात भिंत ओलावते आणि घुशीला भिंत आणि लोखंड यांच्या मधली फट फार आवडते. माणूस आडवा होऊन जाऊ शकेल एवढी जागा ठेवलीत तरच तिथे झाडू फिरतो. कोब्यालाही जुलै-ऑगस्टमध्ये खालून ओल चढते. टायर आठ-आठ महिने तसेच उभे राहिले की खालून बसतात. न चालणारी दोन यंत्रं लाकडी ठोकळ्यांवर घ्या, टायर जमिनीला टेकणार नाहीत इतपत. जॅकवर नव्हे, ठोकळ्यांवर. आणि वरून ती निळी ताडपत्री गुंडाळू नका. आत घाम धरतो, ट्रॅक्टर गंजतो, आणि आपण समजतो की झाकलाय. जुनी सुती चादर टाका.

आता क्लच. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. ओल्या हवेत ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहिला की क्लचप्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, चिकटते. आमच्याकडे थेऊरकडचा एक ट्रॅक्टर असाच आला होता. पेडल दाबलं की नीट खाली जायचं, गियर मात्र करकरायचा, पडायचाच नाही. मालकाची खात्री की गियरबॉक्स गेला. शेवटी इंजिन आणि गियरबॉक्स वेगळे करून ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागला. आत प्लेटच्या गोलाचा गंज फ्लायव्हीलवर असा उमटला होता, जणू चहाच्या कपाचा डाग. सुटा भाग फारसा लागला नाही, मजुरी लागली. त्यानंतर दर जूनमध्ये यजमान बाभळीचे वीतभर खुंटे तासून ठेवायचे. क्लच पूर्ण दाबायचा, पेडल आणि सीटच्या खालची चौकट यांच्यात खुंटा अडकवायचा, आणि त्याची सुतळी स्टिअरिंगला बांधायची, म्हणजे बसणाऱ्याला दिसते. तुमच्या मागच्या ट्रॅक्टरला हे करा, पुढच्याचं शेवटी सांगते. खर्च शून्य.

इंधनाचं सोपं आहे : डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवायची, पेट्रोलची रिकामी करून. अर्ध्या डिझेल टाकीत वरच्या पत्र्याला बाष्प धरतं आणि पाणी तळाला बसतं. पेट्रोलचं उलटं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि उभ्या यंत्राच्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट साका करून ठेवतं. टाकी मोकळी केल्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. हे अंगणात. बंद शेडमध्ये इंजिन पाच मिनिटंसुद्धा चालवायचं नाही, धुराचा वास येत नसला तरी त्यातला वायू जीव घेतो.

'दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो' असं तुम्ही मापांच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलंय. ते बंद करा. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणीच जमतं. महिन्यातून एकदा, पण चांगलं अर्धा तास, थोडं चालवून आणा. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवायचा, बॅटरी काढून फळीवर ठेवायची, आणि १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्जिंगला लावायची.

सायलेन्सरचं तोंड आणि एअर क्लीनरचं नळकांडं बारीक जाळीने बांधा. बोहरी आळीत जाळी मीटरवर मिळते. आम्हाला एका एअर क्लीनरमध्ये शेंगांची टरफलं, सुतळी आणि चौथीच्या वहीचं पान सापडलं होतं. पाढे सतरापर्यंत बरोबर होते. जाळी बांधलीत की स्टिअरिंगला लाल चिंधी लावायला विसरू नका, नाहीतर चालू करणारा जाळीसकट चालू करेल.

शेवटची गोष्ट मी खरं तर पहिली लिहायला हवी होती. तुम्ही 'नदीच्या बाजूची गल्ली' लिहिलंय. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरांमध्ये शिरलं, तुम्ही तर तिथलेच शेजारी. पाणी रात्री येतं आणि चार यंत्रं अंगणात काढायला वेळ देत नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने पुढच्या रांगेत फक्त चालती यंत्रं ठेवा. पुढच्या ट्रॅक्टरचा खुंटा न लावता तोच दर महिन्याला फिरवा, बॅटरीही त्याचीच तेवढी जागेवर राहू दे. किल्ली घरात खिळ्याला, शेडमध्ये नको. काढलेल्या बॅटऱ्या माळ्यावर. आणि कोणतं यंत्र आधी बाहेर काढायचं हे आजच ठरवा. ठरवताना सौंना विचारा, त्यांच्या लेखी तीन आधीच बाहेर आहेत.

प्रश्न : औंधमध्ये आमच्या सोसायटीचं पेट्रोलवरचं गवत कापायचं यंत्र आहे. ते आणि २० लिटरचा पेट्रोलचा कॅन सध्या मीटर रूममध्ये असतो. एका सभासदाची हरकत आहे. कायद्याने एवढं पेट्रोल ठेवता येतं ना?

उत्तर : १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. ते मीटर रूममध्ये ठेवा असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट बघते. मीटर रूममध्ये ठिणगीला तोटा नाही. तळघरही नको. बागेच्या कडेला उघडी जाळीची पेटी करा, कुलूप लावा, आणि पेट्रोल लागेल तसं पाच-पाच लिटर धातूच्या कॅनमध्ये आणा. सभासदाची हरकत बरोबर आहे, इतिवृत्तात तसं लिहा.

प्रश्न : पौडला आमच्या खोलीत वडिलांचा टिलर आहे. जागा वाचावी म्हणून इंजिन खाली, हँडल वर असा उभा करून भिंतीला टेकवला तर चालेल का?

उत्तर : नाही. ऑइल पिस्टनच्या वर उतरतं, एअर क्लीनरमध्ये जातं. नंतर कोणीतरी इंजिन चालू करायचं हँडल मारलं की ते ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधीच तसा उभा केला असेल तर परत चाकांवर आडवा करून दोन दिवस ठेवा, इंजेक्टर काढून इंजिन हाताने हळू फिरवा, वरून ऑइल उडेल तेव्हा तोंड लांब ठेवा. मगच ऑइल बदलून चालू करा. जागा हवी असेल तर हँडल काढा, वर सिंहगड रस्त्याच्या वाचकांना सांगितलंय तसं. फोटो काढायला विसरू नका.