तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण!

प्रश्न: परवा तळण चालू असताना फोन आला म्हणून मी बाहेरच्या खोलीत गेले, परत येऊन बघते तर कढईतलं तेल पेटलेलं! मिस्टर पाणी ओतायला धावले, त्यांना कसंबसं अडवलं, तर त्यांनी कढईच उचलली सिंककडे न्यायला आणि हातावर तेल उडालं. थोडक्यात निभावलं, पण नेमकं काय करायला हवं होतं?

उत्तर: ताई, तुम्ही पाणी ओतू दिलं नाहीत म्हणून थोडक्यात निभावलं, खरंच. पेटलेलं तेल ३०० अंशांच्या वर तापलेलं असतं, पाणी तेलापेक्षा जड त्यामुळे ते खाली जातं आणि क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते म्हणून ती वर येताना पेटतं तेल घेऊनच उसळते. ज्वाळा थेट छताला लागतात. कढई उचलणं पण तितकंच वाईट, तेल हिंदकळतं, अंगावर येतं.

पहिलं काम गॅस बंद, तेही ज्वाळेवरून हात न नेता बटणापर्यंत पोचता येत असेल तरच. मग धातूचं झाकण किंवा मोठं ताट आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवायचं, वरून टाकायचं नाही. काचेचं झाकण नको, तडकतं. आणि इथेच बरेच जण चुकतात बघा, दोन मिनिटांनी झाकण उचलून बघतात विझलं का, आत तेल अजून तेवढंच तापलेलं असतं, हवा मिळाली की परत भडकतं. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. पीठ तर मुळीच टाकू नका, पीठ स्वतःच पेटतं. झाकूनही आवरलं नाही किंवा आग कढईबाहेर गेली तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, जाताना दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बाहेरूनच फोन करा.

मिस्टरांच्या हाताला फोड आले असतील तर डॉक्टरांना दाखवाच. भाजल्या भाजल्या नळाचं साधं गार पाणी २० मिनिटं सोडायचं असतं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आणि पुढच्या वेळी गॅस पेटवायच्या आधीच झाकण शेजारी काढून ठेवा, फोन आला तर गॅस बंद करून मगच उचला. तेलातून धूर यायला लागला म्हणजे ते पेटायच्या वाटेवर आहे.

प्रश्न: एक्स्टेंशन बोर्डवर हीटर आणि इस्त्री दोन्ही लावतो. प्लग गरम होतो, कधी जळका वास पण येतो, पण एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही ना?

उत्तर: आहे, आणि ते आजच बंद करा. एमसीबी वायरमधून किती करंट जातोय तेवढंच बघतो, प्लगची पिन सैल असल्यामुळे तिथे जी उष्णता होते ती त्याला कळतच नाही. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, बरेच बोर्ड ६ अँपिअरचेच असतात, त्यात वर इस्त्री. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते हे लक्षात घ्या. हीटर भिंतीतल्या पॉवर सॉकेटलाच लावा, तो बोर्ड टेप गुंडाळून वापरू नका, टाकून द्या, आणि सॉकेट काळं पडलं असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रश्न: स्मोक अलार्म किचनमध्ये लावू का?

उत्तर: शेगडीच्या वर नको, रोजच्या धुराने वाजत राहील आणि मग कोणीतरी वैतागून बॅटरी काढून ठेवेल. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर छताला लावा, प्रत्येक मजल्यावर एक. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल असं धरून चालू नका म्हणून तो हवाच. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा, १० वर्षांनी बदला, आणि रात्री बेडरूमचं दार लावून झोपा, साधं बंद दार धूर बराच वेळ अडवतं.