संवाद नसतील तर लोक हसणार कशाला?

प्रश्न असा आहे: ‘गाजलेल्या विनोदी नाटकाचा बॅले करता येतो का? संवादच काढले तर विनोद उरतो का?’

उरतो. जॉन क्रँको या नृत्यदिग्दर्शकानं १९६९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चा, म्हणजे आपल्या ‘त्राटिके’चा, बॅले केला. त्यात दोघांचं भांडण म्हणजेच नाच. पण लांब कशाला जायचं? मी सोलापुरात गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ नाचवलंय.

क्लासच्या मुली, हुतात्मा स्मृतिमंदिर, चाळीस मिनिटं, तबला-पेटी समोर. एक शब्द बोलायचा नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलेलं. साऊंड आमच्या भाऊजींकडे. "वहिनी, निवेदनाशिवाय पब्लिकला काय कळतंय?" हे पालुपद महिनाभर. मी नाही म्हटलं, तर न सांगता स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून आणलं! कृत्तिका, म्हणजे संशयी फाल्गुनरावाची तितकीच संशयी बायको, खिडकीतून बघते, खाली घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनरावानं सावरलंय, आणि वरून घुमतंय, "आणि आता कृत्तिकेच्या मनात संशयाचं भूत शिरते..." पोरीची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली. सभागृह चिडीचूप. मी विंगेतून गेले आणि वायरच उपटली.

मग नुसता तबला. कृत्तिका रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर न्याहाळतेय, फाल्गुनराव मागून डोकावतोय. ती डावीकडे कलली की हा उजवीकडे. तिहाईच्या, म्हणजे तेच बोल तीनदा येऊन समेवर संपतात त्याच्या, तीन तुकड्यांवर तीन नजरा, आणि समेवर त्यानं कपाळ बडवलं. हशा! पुढच्या रांगेतली एक आजी ओरडली, "आगं, ज्याची त्याला दे की ती तसबीर!" कळलं नसतं तर बोलली असती का?

देवलांच्या १८९३ च्या मूळ गद्य नाटकाच्या नावातच ‘तसबिरीचा घोटाळा’ आहे. घोटाळा वस्तूचा असेल तर तो नाचता येतो. कोट्यांवर उभं असलेलं नाटक घेऊ नका, आपटाल. तसबीर मोठी करा. आमची तालमीतली तळहाताएवढी होती, मागच्या रांगेतून पानसुपारीचा डबा वाटायची. शेवटी कॅलेंडरएवढी फ्रेम केली.

आता हेही सांगते, मी कथकवाली. पायाच्या बोटांवर उभं राहायचा बॅले मला येत नाही. शिवाय आमच्या प्रेक्षकांतल्या निम्म्यांना गोष्ट पाठ होती. नवी गोष्ट असेल तर पत्रिकेत चार ओळी छापा. छापा म्हटलंय, बोला नव्हे.

भाऊजी अजून म्हणतात, आधी निवेदन ऐकलं म्हणूनच लोक हसले. यंदा साऊंडला बाहेरचा माणूस सांगितलाय.