दोन्ही पालक साध्या रंगाचे असताना अल्बिनो पिल्लू कसे होते? ‘६६ टक्के हेट’ म्हणजे नेमके काय?

साध्या तपकिरी रंगाचा एक बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) ‘६६ टक्के हेट अल्बिनो’ म्हणून वाढीव किमतीला मिळतो आहे, तो घ्यावा का, आणि साध्या दिसणाऱ्या जोडीला अल्बिनो पिल्लू खरोखरच होते की मादीचा संबंध दुसऱ्या नराशी आलेला असतो, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागामुळेच मी लिहायला बसलो. मी साप पाळत नाही. इंदूरला लोकमान्यनगरात बजरीगर, म्हणजे छोटे रंगीत पोपट, पाळतो. परंतु हाच आरोप माझ्यावर माझ्या सख्ख्या काकांनी केलेला आहे, आणि दडलेल्या जनुकाचा नियम सापाला व पक्ष्याला एकच आहे.

रामबागेतल्या घरी काकांकडे वर्षानुवर्षे फक्त हिरवे बजरीगर होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी मला त्यातली एक जोडी दिली. हिवाळ्यात मादी मटकीत बसली, पाच अंडी घातली, चार फुटली. दोन आठवड्यांनी पिसांचे कोंब उघडू लागले तेव्हा तीन पिल्लांची डोकी पिवळी व अंगे हिरवी दिसू लागली, आणि सर्वांत धाकट्याचे डोके मात्र पांढरे, शेपटीच्या मुळाशी स्वच्छ निळे. मी ते पिल्लू तळहातावर घेऊन खिडकीशी कितीतरी वेळ उभा होतो. त्याच गॅलरीत, दुसऱ्या पिंजऱ्यात, माझा एक निळा नर होता. काका आले, त्यांनी पिल्लू पाहिले, त्या नराकडे पाहिले आणि म्हणाले, “माझ्या पक्ष्यांत निळा रंग कधीच नव्हता. तू पिंजऱ्याचे दार उघडे टाकलेस, आणि आता कबूल करत नाहीस.” गणपतीला सगळे नातेवाईक जमले असताना त्यांनी हे पुन्हा सांगितले, आणि माझ्या वडिलांनी मला गप्प राहायला लावले.

तेव्हा जे बोलू शकलो नाही ते आता लिहितो. बजरीगराचा हिरवा रंग म्हणजे पिसाच्या रचनेतून दिसणारा निळा आणि त्यावर पिवळे रंगद्रव्य. पिवळे द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच पक्षी निळा होतो. एक प्रत चांगली असली की तो पूर्ण हिरवा दिसतो आणि बिघडलेली प्रत दडून राहते. अशा पक्ष्याला आम्ही स्प्लिट म्हणतो, सापवाले हेट म्हणतात. म्हणजे निळ्या पिल्लाला एक प्रत बापाकडून आणि एक आईकडून मिळालीच पाहिजे. काकांचा आरोप घटकाभर खरा मानला, बाप माझा निळा नरच होता असे धरले, तरी दुसरी प्रत त्यांच्या हिरव्या मादीकडूनच आलेली असणार. दार उघडे होते की बंद, याने त्यांच्या पक्ष्यांची शुद्धता सिद्ध होतच नाही. दार बंदच होते. पुढच्या हंगामात मी त्या हिरव्या नराला निळी मादी आणि हिरव्या मादीला माझा निळा नर लावला. पहिल्या जोडीला सहांपैकी तीन पिल्ले निळी झाली, दुसरीला पाचांपैकी दोन. दोघेही स्प्लिट होते. कारणही साधे होते: काकांनी मला दिलेली जोडी एकाच नराची पिल्ले होती. एका पक्ष्यात दडलेली प्रत पिढ्यानपिढ्या निम्म्या पिल्लांत उतरत राहते आणि कोणाला दिसत नाही. तिला वर आणायचे असेल तर भावंडांची जोडी लावावी, आणि ती त्यांनीच लावली होती. वही घेऊन मी रामबागेत गेलो. त्यांनी ती उघडली नाही.

आता तुमचा साप. अल्बिनो बॉल पायथनात काळे द्रव्य तयार होत नाही, पिवळे राहते, म्हणून तो पांढरा-पिवळा दिसतो. दोन हेट सापांच्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी दर तिघांत सरासरी दोन हेट असतात. ६६ टक्के म्हणजे एवढेच. हा आकडा सापाच्या अंगात नसतो, आपल्या माहितीत असतो: प्रत्यक्षात तो साप एक तर हेट आहे किंवा नाही. अल्बिनो जोडीदाराशी लावून सहाच्या सहा पिल्ले साधी निघाली, तर तो हेट असण्याची शक्यता ६६ वरून सुमारे ३ टक्क्यांवर येते. एक जरी अल्बिनो निघाले तर प्रश्न मिटला. दोन हेट सापांच्या सहा अंड्यांत मात्र एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते, तेव्हा एका खेपेवरून विक्रेत्याला खोटे ठरवू नका. बजरीगरात ही परीक्षा एका हिवाळ्यात होते, बॉल पायथनची मादी वयात यायलाच साधारण तीन वर्षे लागतात. अल्बिनोपणा टायरोसिनेजच्या (काळे द्रव्य तयार व्हायला लागणाऱ्या विकराच्या) जनुकातील बदलांमुळे येतो हे २०२२ मध्ये पाळीव सापांच्या कातेतील डीएनएवरून दाखवले गेले आहे, त्यामुळे नुसत्या कातेवरूनही चाचणी शक्य आहे. मादी नराचे बीज साठवून ठेवू शकते हे खरे, परंतु वरचा हिशेब तेथेही तोच राहतो.

हे सारे अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती असल्याशिवाय न दिसणाऱ्या, जनुकापुरते आहे. बॉल पायथनातले पेस्टलसारखे रंग एकाच प्रतीने दिसतात, आणि बजरीगरात ल्युटिनो हा पिवळा रंग लिंगाशी जोडलेला असल्याने मादी त्याची स्प्लिट असूच शकत नाही. शिवाय बॉल पायथन साईटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो बाळगण्याची आणि त्याच्या पिल्लांची नोंदणी बंधनकारक आहे, आणि भारतीय साप तर पाळताच येत नाही. कागद नसतील तर घेऊ नका.

कागद असतील, तर विक्रेत्याकडे त्याच खेपेतल्या अल्बिनो भावंडाची नोंद मागा. ती असली की दोन्ही पालक हेट होते हे ठरते आणि ६६ टक्क्यांना आधार मिळतो. “आमच्याकडे तशी नोंद नसते” असे उत्तर आले, तर साध्या सापाचीच किंमत द्या.