मुलाला घेऊन मिनियापोलिसला येताय, तर

ताई, मुलगा चौदा वर्षांचा, सावळा. बातम्या बघून सासूबाई नको म्हणतायत, तिथल्या पोलिसांची खरंच भीती असते का, असं तुम्ही विचारलंत. मी दोन दिवस उत्तर टाळलं.

व्हिसा-घरभाड्याचं कुठेही मिळेल. फक्त लसींची नोंद टाईप करून, तारखांसकट आणा. आमच्या फाईलीतलं डॉक्टरांचं अक्षर इथे कुणाला लागेना, शाळेने पोराला पुन्हा टोचून घ्यायला लावलं. अजून राग येतो.

जॉर्ज फ्लॉइड 2020 मध्ये पोलिसाच्या हातून जिथे मारला गेला तो चौक आमच्यापासून अर्ध्या तासावर. 2016 मध्ये फिलँडो कॅस्टील, इथल्याच एका शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारा काळा माणूस, त्याची गाडी पोलिसाने अडवली. जवळ पिस्तूल आहे हे त्याने आपणहून सांगितलं, तरी गोळ्या घातल्या. पोलीस निर्दोष सुटला. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण उतरून 'साहेब, साहेब' करत जातो. इथे पोलिसाने अडवलं तरी गाडीतून उतरायचं नाही. हात स्टिअरिंगवर, खिशात तर मुळीच नाही. मुलाला हे आत्तापासून शिकवा.

आपल्या लोकांना काही होत नाही, असं इथले जुने मराठी सांगतील. 2015 मध्ये अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले गुजराती आजोबा फिरायला निघाले. कुणीतरी फोन केला, काळा माणूस घरांपाशी हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येईना. पोलिसाने असं आपटलं की अंग लुळं पडलं. दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडला. हे सासूबाईंना सांगू नका.

आमचा नववीत होता. लायब्ररीबाहेर त्याला आणि त्याच्या मित्राला पोलिसाने फुटपाथच्या कडेला बसवलं होतं. मित्र काळा, इथेच जन्मलेला. मी पायातल्या सपातांनिशी धावले आणि तोंडातून निघालं, "ही इज इंडियन, सर." पोलीस एकदम मऊ. आमच्याला ऊठ म्हणाला. मित्र तसाच बसून, तळवे गुडघ्यांवर उघडे ठेवलेले. त्याला ते घरून शिकवलेलं होतं. त्याआधी ऑगस्टमध्ये नॅशनल नाइट आउटला, म्हणजे गल्लीतले लोक आणि पोलीस एकत्र जमतात त्या संध्याकाळी, हाच पोलीस आमच्या गल्लीत पोरांना आइस्क्रीम वाटत होता, दोघांनाही दिलं होतं.

गाडीत लेकाने विचारलं, "मग तो कोण आहे, आई?" मी सीटबेल्ट लाव म्हटलं.

तो मित्र दर शनिवारी पोहे खायला यायचा, शेव जास्त मागायचा. त्यानंतर आला नाही. त्याच्या आईला लिहिलेला मेसेज दोन वर्षं तसाच पडलाय, पाठवलेला नाही.

लसींचं तेवढं बघा.